न सापडलेल्या चुका मोजणारी थोरली

दार लोटलेलं होतं, पण भांडण कानावर यायचं तर लोटलेलं दार काय करणार. थोरलीचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिचे साहेबच ऑफिसचे कागद घेऊन घरी आले होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळून दोन कप भरून उभी होते. बाहेर नेला असता तर दोघं गप्प झाले असते, म्हणून नेला नाही. कोणी काही म्हणो.

"बाई, सापडल्या किती ते सांगा. उरल्या किती ते मला नको," साहेब म्हणत होते.

"सापडल्या दोनशे बारा. त्या दुरुस्त झाल्या, त्यांची भीती गेली. लोकांचं नुकसान करणार त्या उरलेल्या."

"उरलेल्या पाहिल्यात कुणी?"

"कुणीच नाही. म्हणून तर मोजायच्या."

"न पाहिलेलं मोजता? उद्या म्हणाल, न जन्मलेल्या पोरांची शिरगणती करून आणते."

"करतातच की साहेब. त्याशिवाय शाळेत वर्ग किती बांधायचे ते कसं ठरतं?"

इथे साहेबांना खोकला आला. मग आवाज चढवून म्हणाले, "ठीक आहे. लिहा तुमचा आकडा. पण ज्या दिवशी तो खोटा ठरेल, त्या दिवशी हा उद्योग बंद."

"खोटा ठरला तर मीच येऊन सांगेन," थोरली म्हणाली.

चहा निवला होता. मी तो परत गरम करून नेला आणि काहीच न ऐकल्यासारखं तोंड केलं. साहेब जाताना म्हणाले, "आई, चहा छान होता. दोनदा उकळलेला चहा मला आवडतो." म्हणजे त्यांनाही सगळं कळत होतं.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. माझी थोरली लेक तेव्हा तिशीत होती. परवा ती नोकरीतून मोकळी झाली, म्हणून म्हटलं तिच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात. मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा अक्षर सांभाळून घ्यावं.

थोरली काय काम करते हे मला बरीच वर्षं धड सांगता यायचं नाही. शेजारीण विचारायची, तर मी म्हणायचे, "कॉम्प्युटरमध्ये आहे." तेवढ्यावर शेजारणीचं समाधान व्हायचं, माझं व्हायचं नाही. एकदा मी थोरलीला बसवलं आणि म्हटलं, नीट सांग. ती म्हणाली, आई, मोठमोठ्या कचेऱ्या, बँका, हॉस्पिटलं ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ना, ते माणसंच लिहितात. लाखो ओळी असतात. माणसं लिहिणार म्हणजे चुका होणार. काही माणसं नुसत्या त्या चुका शोधायला बसवलेली असतात. त्यांनी कितीही शोधल्या तरी काही राहतातच. किती राहिल्या असतील, ते मी सांगते. आकडा लहान असला तर माल बाहेर जातो, मोठा असला तर थांबतो.

"आणि ते तुला कसं कळतं? स्वप्नात येतात का?" मी विचारलं.

तेव्हाच घराला रंग देऊन झाला होता. रंगाऱ्याने घाई केली होती, भिंतींवर ठिकठिकाणी जुना रंग डोकावत होता. थोरली म्हणाली, आई, तू एकटी घरभर फिर आणि राहिलेले डाग कागदावर लिही. मग तेच काम तिने जावयांना सांगितलं. जावई माझ्या कागदाकडे मान लांब करून बघायला लागले, तर हिने त्यांच्या हातावर चापट मारली. "बघायचं नाही. हाच तर सगळा मुद्दा आहे."

मला वीस डाग दिसले, जावयांना पंधरा. दोन्ही कागदांवर असलेले डाग निघाले दहा. थोरली म्हणाली, आता बघ. यांच्या पंधरातले दहा तुलाही दिसले होते, म्हणजे तुझी नजर तिनातले दोन पकडते. मग तुझे वीस म्हणजे एकूण किती डागांतले? तिसातले. दोघांचे मिळून वेगवेगळे डाग झाले पंचवीस. राहिले पाच, जे या घरात अजून कुणीच पाहिलेले नाहीत.

रंगाऱ्याला बोलावून सांगितलं, "अजून पाच आहेत, शोधा." तो आमच्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. मग शिडी लावून फिरला आणि त्याला सहा सापडले. मी तर तोंडात बोटच घातलं. थोरली मात्र हिरमुसली. म्हणाली, "एकाने चुकलं."

अशी ती. लहानपणीही हिचा मोजा हरवला तर शोधायच्या आधी कपाटातले सगळे मोजे मांडून बसायची, अजून कितींचे जोडीदार गेलेत ते बघायला. शाळेची बस तोवर निघून जायची. हिचे वडील म्हणायचे, ही पोर मोठी झाल्यावर एक तर फार हुशार निघेल, नाही तर दोन वेगळे मोजे घालून हिंडेल. दोन्ही झालं. स्वयंपाकाचं म्हणाल तर मीठ घातलं की नाही हे तिला कधीच आठवत नाही. चव घेऊन बघ म्हटलं तर म्हणते, दुसऱ्या कुणी तरी घ्यावी, स्वयंपाक मी केलाय म्हणजे माझी चूक मला दिसणार नाही. ऑफिसात तिला पाठीमागे 'उरलंसुरलं' म्हणायचे. तिला ठाऊक होतं. तिची काही हरकत नव्हती.

आता सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, कारण थोरली म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं.

साहेब आणि थोरली इतकी वर्षं एकाच कंपनीत टिकले होते. भांडायचे, पण एकमेकांशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. साहेब निवृत्तीला आले होते, केस गेले होते आणि ऐकायलाही कमी यायला लागलं होतं. जायच्या आधीचं त्यांचं शेवटचं मोठं काम होतं एका हॉस्पिटलचं. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध, किती, किती वाजता, ते नर्सला पडद्यावर दिसणार आणि दिलं की तिने तिथेच खूण करायची. कागद बंद. सोमवारी सकाळी सहाला सुरू व्हायचं होतं. चुका शोधायला दोघं होती: एक ताडमाड मुलगा, त्याला सगळे लांबू म्हणायचे, आणि एक जाड चष्म्याची मुलगी. लांबूला अठ्ठेचाळीस चुका सापडल्या होत्या, चष्मेवालीला पंचेचाळीस, आणि त्यातल्या चाळीस दोघांच्या सारख्याच. म्हणजे दोघांच्या नजरेतून जवळजवळ काही सुटलंच नव्हतं. थोरलीने हिशेब केला, उरली एक. शुक्रवारी तिने तसं लिहून सही केली. घरी आली ती गुणगुणत. हिला गाता येत नाही, पण त्या दिवशी आम्ही चालवून घेतलं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात लांबू आणि चष्मेवाली, हातात बिस्किटांचा मोठा डबा.

"आजी, मॅडम आहेत?"

आत येऊन दोघं सोफ्यावर बसली, ती मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. एवढं मोजून अंतर ठेवलं म्हटल्यावर मला न सांगताच कळलं. थोरलीला कळायला लांबूने डबा उघडून "आमचं ठरलंय" म्हणावं लागलं.

"लग्न? तुम्ही दोघं? अरे वा! कधी ठरलं?"

"घरी काल सांगितलं," चष्मेवाली लाजून म्हणाली, "पण तसं फेब्रुवारीपासूनच..."

"फेब्रुवारी? म्हणजे हे काम सुरू झालं तेव्हापासून! बघा, आणि मला पत्ताच नाही."

लांबूला आता चेव आला. "मॅडम, या कामानेच तर आमचं जमवलं. पहिल्या आठवड्यात हिला दोनच चुका सापडल्या होत्या. अगदी रडवेली झाली होती. मी म्हटलं, रडतेस काय वेडे, माझ्यातल्या घे चार."

"सांगायची काय गरज होती!" चष्मेवालीने त्याला कोपर मारलं. अंतर होतं ते तेव्हा गेलं.

जगात कुणी फूल देतं, कुणी चिठ्ठी देतं. या पोराने चुका दिल्या. मला हसू येत होतं. थोरलीकडे बघितलं, तर तिच्या हातातला कप तोंडापाशी जाऊन थांबला होता.

"माझ्यातल्या घे म्हणजे काय?"

"म्हणजे... जेवायला एकत्र बसायचो ना, तेव्हा मी सांगायचो, इथे अमुक सापडलंय, तूही लिही. मग हिलाही वाईट वाटायचं, नुसतं घेतच राहायचं कसं. म्हणून हिला काही सापडलं की ती मला द्यायची."

"किती दिल्या? किती घेतल्या?"

"ते मोजलं नाही मॅडम."

आमच्या घरात एवढी वाईट गोष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं.

चष्मेवालीचा चेहरा आधी उतरला. मुलगी हुशार. हळूच म्हणाली, "मॅडम, म्हणजे आपला उरलेल्यांचा आकडा..."

"एक," थोरली म्हणाली. "एक लिहून मी काल सही केली."

मलाही कळलं. दोघांच्या यादीत त्याच त्या चुका दिसल्या, कारण दोघांना त्या आपापल्या सापडल्या नव्हत्या, जेवताना वाटल्या गेल्या होत्या. जावयांनी त्या दिवशी माझ्या कागदात डोकावून बघितलं असतं तर जे झालं असतं, तेच. फक्त इथे भिंतीवर डाग नव्हते, रुग्णांची औषधं होती. उरल्या एक असतील की पन्नास, कुणाला ठाऊक नव्हतं.

पोरं गेली ती रडत गेली. डबा तसाच उघडा. जावई म्हणाले, "हे बघ, हे आपल्या चौघांशिवाय कुणाला माहीत नाही." मोजायला गेलं तर पाच होतो, पण मला ते धरत नसावेत. "सोमवारी सुरू होऊ दे. नंतर पुन्हा तपासून हळूहळू दुरुस्त करा. आत्ता बोललीस तर साहेब तुझा मोजणीचा उद्योग गुंडाळतील. इतक्या वर्षांची मेहनत आहे तुझी."

त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांना बायकोची काळजी.

थोरली म्हणाली, "आणि मधल्या दिवसांत कुणाच्या आईला चुकीचं औषध गेलं तर?" असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. मी आपली एक बिस्कीट खाल्लं.

तिने फोन उचलला. साहेबांना ऐकू येत नाही म्हणून ती ओरडायची, आणि तिला ऐकू येत नसेल असं समजून साहेबही ओरडायचे, त्यामुळे या खेपेला मला दाराआड उभं राहावं लागलं नाही.

"साहेब, आकडा खोटा आहे!"

"कुणाचा?"

"माझा!"

"काय झालं?"

हिने सगळं सांगितलं. पोरांची नावं न घेता सांगायला गेली, पण दोघंच होती, नाव न घेऊन करणार काय.

"मग खरा किती?" तिकडून आवाज आला.

"माहीत नाही!"

थोरलीने डोळे मिटून घेतले होते. मी मनात म्हटलं, गेली नोकरी.

"किती दिवस लागतील?" साहेबांनी विचारलं.

"तीन आठवडे!"

"बरं. हॉस्पिटलला मी सांगतो, तयार नाही म्हणून."

"साहेब, तुम्ही म्हणाला होतात, आकडा खोटा ठरला तर हा उद्योग बंद!"

"मी? कधी?"

"माझा पाय मोडला होता तेव्हा! घरी आला होतात!"

"बाई, मला आज सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही! उद्योग बंद करून मी आकडा कुणाला विचारू? ठेवा फोन! आणि त्या गाढवांना सांगा, लग्नाला मी येणार आहे!"

थोरलीने फोन ठेवला आणि मटकन खुर्चीत बसली. हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच ठाऊक. जावयांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." आता बघा.

सोमवारपासून पुन्हा शोध सुरू झाला. आधीच्या चुका दुरुस्त झालेल्या होत्या, आता मागे काय राहिलंय ते बघायचं. लांबू ऑफिसात बसला आणि चष्मेवालीला थोरलीने आणून बसवलं आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, कॉम्प्युटर देऊन. आणि राखणीला कोण, तर मी. तिचा मोबाईल माझ्या कपाटात, पातळांच्या घडीखाली.

दुसऱ्या दिवशी पोरगी काकुळतीला आली. "आजी, फक्त पाच मिनिटं बोलू द्या ना."

"बोल की. माझ्यासमोर बोल. आणि कामाचा एक शब्दही निघाला तर फोन परत घडीखाली."

तिने फोन लावला. "काय करतोस?... हो... जेवलास?... मीही जेवले..." मग दोघांना पुढे काय बोलावं ते सुचेना. तीन महिने बिचारी चुकांवरच प्रेम करत होती, दुसरं काही बोलायची सवयच नव्हती. मीच शेवटी म्हटलं, "अग, त्याला विचार तरी, लग्नात काय घालणार." त्यावर गाडी सुरू झाली. पुढचे दिवस मला पाच मिनिटं संपली म्हणून ओरडावं लागायचं.

चौथ्या दिवशी दुपारी मी पंख्याखाली आडवी होते, तर पोरगी एकदम "आजी!" म्हणून ओरडली. मला वाटलं विंचू निघाला. जाऊन बघते तर ती पडद्याकडे बोट दाखवून उभी. तिने एक खोटा रुग्ण तयार केला होता, त्याला दुपारचं औषध दिल्याची खूण केली होती आणि मग त्याला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. हलवल्याबरोबर खूण पुसली गेली. नव्या वॉर्डातल्या नर्सला दिसणार, याला औषध द्यायचं राहिलंय. ती पुन्हा देणार.

"आजी, या सोमवारी हे सुरू झालं असतं तर..." मी तिला जवळ घेतलं. हॉस्पिटलात माणसं या वॉर्डातून त्या वॉर्डात रोज हलतात.

संध्याकाळी थोरली आली. पोरीने तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, माझ्याच्याने राहवलं नाही. थोरली टेबलापाशी बसली, तिने तो खोटा रुग्ण स्वतः हलवून बघितला, एकदा, दोनदा. मग पोरीच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. शनिवारपासून घरात सगळे श्वास धरून वावरत होतो, ते त्या वेळी मला कळलं.

शेवटी लांबूच्या कागदावर अठरा निघाल्या, पोरीच्या कागदावर चौदा, आणि दोघांच्या सारख्या फक्त सहा. थोरलीने माझ्यासमोरच हिशेब मांडला. एकूण बेचाळीस, सापडल्या सव्वीस, अजून सोळा कुठेतरी दडून आहेत. जिथे एक लिहून सही केली होती, तिथे खरं तर बेचाळीस होत्या. आकडा वाईट होता, पण थोरली तो बघून खूश. "आता निदान खरा आहे," म्हणाली. मग त्या सव्वीस दुरुस्त करून, कधी एकमेकांचं तोंडही न पाहिलेली दोन माणसं दोन वेगळ्या इमारतींत बसवून पुन्हा शोध घेतला. त्या खेपेला हिशेबात उरली एक. थोरलीने सही करायला पूर्ण दिवस घेतला. आधी दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं, तुम्ही जेवता कुठे आणि कुणाबरोबर.

हॉस्पिटलचं ते काम ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा सुरू झालं. पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या दोन. एका रुग्णाचं वय एकशे तीस दिसत होतं आणि एका ठिकाणी बटण दाबलं जात नव्हतं. कुणाला काही झालं नाही. लांबू आणि चष्मेवालीची नोकरी राहिली, लग्न झालं, आता त्यांना एक मुलगी आहे. साहेब लग्नाला आले होते आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी नवऱ्या मुलाला बजावलं, "आता काय द्यायचं ते हिला दे!"

तेव्हापासून थोरलीने एक काम स्वतःकडे घेतलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती हॉस्पिटलात जाते, मोठ्या नर्सबाईंना भेटते आणि औषधांच्या कामात काही चुकलं का ते विचारून लिहून घेते. हे फोनवरही झालं असतं. पण तिचं म्हणणं, फोनवर माणसं 'काही नाही' म्हणून मोकळी होतात, समोर उभं राहिलं की आठवतं.

परवाचा शनिवार तिच्या नोकरीतला शेवटचा. माझे कान दाखवायचे होते, म्हणून मीही बरोबर गेले. बसमध्ये उजवीकडच्या सीटवर बसलो, ऊन डावीकडून होतं. वर गेलो तर मोठ्या नर्सबाई कुणाला तरी चादरींवरून बोलत होत्या. थोरली बाजूला उभी राहिली. बोलणं संपल्यावर पुढे झाली.

"काही?"

"नाही हो. या महिन्यात काही नाही." नर्सबाई थांबल्या, डोकं खाजवलं. "छपाईच्या यंत्रात कागद अडकतो सारखा. पण ते तुमच्यात येत नाही ना?"

"येत नाही. पण लिहून घेते. वॉर्ड बदलताना?"

"काही नाही. व्यवस्थित."

थोरलीने वहीत तारीख घातली, शून्य लिहिलं, खाली छपाईच्या कागदाचं लिहिलं आणि वही पुढे केली. नर्सबाईंनी उभ्याउभ्याच सही केली. आज आपला शेवटचा दिवस, हे थोरलीने त्यांना सांगितलं नाही, आणि मीही जीभ आवरली. तिने पेनला टोपण लावलं, "येते" म्हणाली, आणि आम्ही माझे कान दाखवायला खालच्या मजल्यावर गेलो.